परक्याचा अभिप्राय आणि आपला स्वभाव

दिवाळी आठ दिवसांवर येऊन ठेपली आहे आणि घरातला जुना मिक्सर बंद पडला आहे, असे पुण्यातील एक मध्यम स्थितीतले घर क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. रात्रीची जेवणे उरकली आहेत. नात मोबाइलवर बाजार उघडून बसली आहे आणि तिच्याभोवती आजोबा, वडील व आई अशी तीन माणसे जमली आहेत. पडद्यावर एका मिक्सरचे चित्र आहे, त्याखाली चार तारे भरलेले आणि पाचवा अर्धवट रंगविलेला आहे, आणि त्याच्याखाली हजारो माणसांचे अभिप्राय आहेत. एकाने लिहिले आहे, “चटणी लोण्यासारखी होते, आवाज मात्र थोडा जास्त.” दुसरा म्हणतो, “दुसऱ्याच दिवशी जळका वास आला आणि यंत्र बंद पडले. पैसे पाण्यात गेले.” तिसऱ्याचे म्हणणे एवढेच, “पार्सल वेळेवर आले. पाच तारे.”

“चार हजार लोक चांगला म्हणतात, आणखी काय पाहायचे?” असे म्हणून नात विकत घेण्याच्या बटणाकडे बोट नेते. “थांब, थांब, बंद पडला म्हणजे काय? आणि तोही ऐन सणात पडला तर?” असे म्हणून वडील तिचा हात धरतात. आजोबा हसतात आणि म्हणतात, “अरे, हे सगळे पैसे देऊन लिहवून घेतलेले असते. ह्यातल्या एका अक्षरावर विश्वास ठेवू नका.” आई तेवढ्यात मोबाइल स्वतःकडे घेते आणि विचारते, “पण त्या माणसाने त्यात वाटले काय होते, आणि किती वेळ, हे कोठे लिहिले आहे का?”

पान एकच, अक्षरे तीच, तारेही तेच. आणि वाचणारे चार असता अर्थही चार निघाले. ह्या चौघांपैकी कोणीही तो मिक्सर पाहिलेला नाही आणि अभिप्राय लिहिणाऱ्यांपैकी एकालाही कोणी ओळखत नाही. मग हा फरक आला कोठून? ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ ही म्हण आपण बोलणाऱ्यांना लावतो. ती ऐकणाऱ्यांनाही तितकीच लागू आहे, आणि आजच्या खरेदीविक्रीत तर ती ऐकणाऱ्यांनाच अधिक लागू पडते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

दुसऱ्याला विचारून वस्तू घेण्याची चाल काही नवी नव्हे. लग्नाचा शालू असो, दुभती म्हैस असो की वर्षाचे तांदूळ असोत, चार ठिकाणी विचारपूस केल्यावाचून शहाणा माणूस पैसा बाहेर काढीत नसे. परंतु त्या विचारपुशीत एक मोठी सोय होती. सल्ला देणारा माणूस माहितीतला असे. शेजारच्या काकूंनी एखादा तांदूळ नावाजला, तर त्यांच्या घरी भात मोकळा लागतो की आसट, हे ठाऊक असे. अमक्या मामांना जगातली प्रत्येक वस्तू महाग वाटते, तमक्या वहिनींना नवे ते सर्वच आवडते, हा हिशेब मनातल्या मनात होऊन त्यांच्या बोलण्यातून तेवढी वजावट आपोआप केली जाई. सल्ल्याबरोबर सल्लागाराचा स्वभावही हाती येई.

ही सोय कशी गेली, ह्याचा इतिहास फार लांबचा नाही. १९९५ साली अमेरिकेत अ‍ॅमेझॉन ह्या दुकानाने संगणकाच्या जाळ्यावरून पुस्तके विकण्यास आरंभ केला, आणि पुस्तकांविषयी ग्राहकांनी आपले बरेवाईट मत तेथेच लिहावे अशी मोकळीक त्यांना दिली. विक्रेत्याने स्वतःच्याच दुकानात स्वतःच्या मालाची निंदा टांगू द्यावी, हे त्या काळी पुष्कळांना विचित्र वाटले. १९९६ साली ईबे ह्या लिलावाच्या पेढीवर घेणारा व देणारा ह्यांनी एकमेकांविषयी शेरा लिहिण्याची पद्धत सुरू झाली. आपल्याकडे २००७ मध्ये बंगळुरात फ्लिपकार्ट निघाले, २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉनने भारतात दुकान मांडले, आणि ‘रिव्ह्यू’ व ‘स्टार’ हे शब्द घराघरांत रुळले. आता उपाहारगृह, डॉक्टर, शिकवणी, रिक्षावाला, ह्यांतले काहीच ताऱ्यांवाचून राहिलेले नाही. मात्र अभिप्राय लिहिणारा कोण, कोठला, कोणत्या स्वभावाचा, हे कळण्याचा मार्ग उरला नाही. बोलणाराच दिसेनासा झाल्यावर वजावट कशाची करावयाची? मग वाचणारा नकळत आपल्याच स्वभावाची वजने तराजूत टाकतो. माल परक्याचा, पण वजने घरची, अशी ही तोलणी आहे. आणि घरची वजने खरी आहेत की नाहीत, हे तपासून पाहण्याची कोणाला आठवण होत नाही.

ही वजने कोणकोणती, ह्याचा विचार मानसशास्त्रज्ञांनी गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे चालविला आहे. त्यांतील पहिले म्हणजे विचाराची आवड. काही माणसांना एखाद्या प्रश्नाची उकल करीत बसण्यातच आनंद वाटतो, तर काहींना तो निव्वळ त्रास वाटतो. जॉन कॅसिओपो व रिचर्ड पेटी ह्या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९८२ मध्ये ही आवड मोजण्याची एक प्रश्नावलीच तयार केली. बुद्धी आणि ही आवड ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात ठेवावे. चांगली बुद्धी असूनही विचाराचा कंटाळा असणारी माणसे थोडी नाहीत. ह्याच दोघांनी असे प्रतिपादन केले की, दुसऱ्याचे म्हणणे मनात उतरते ते दोन वाटांनी. एक वाट युक्तिवादाची, म्हणजे काय सांगितले ते तपासण्याची. दुसरी वाट खुणांची, म्हणजे कोणी सांगितले, कितीजणांनी सांगितले, किती ठसक्यात सांगितले, एवढेच पाहण्याची.

१९८३ साली पेटी, कॅसिओपो व शूमन ह्यांनी केलेला एक प्रयोग ह्या बाबतीत मोठा बोधप्रद आहे. विद्यार्थ्यांस दाढीच्या एका काल्पनिक वस्तऱ्याची जाहिरात दाखविण्यात आली. काही जाहिरातींत भक्कम कारणे होती, काहींत पोकळ. काहींत प्रसिद्ध खेळाडूंची चित्रे होती, काहींत सामान्य नागरिकांची. अर्ध्या विद्यार्थ्यांस सांगितले होते की, शेवटी तुम्हांला वस्तऱ्यांतूनच एक निवडून भेट म्हणून घ्यावयाचा आहे. उरलेल्यांस निराळीच वस्तू निवडावयाची होती. ज्यांना वस्तरा खरोखर घ्यावयाचा होता त्यांच्यावर कारणांच्या भक्कमपणाचा परिणाम अधिक झाला. ज्यांना घ्यावयाचा नव्हता त्यांच्यावर खेळाडूंच्या प्रसिद्धीचा. म्हणजे स्वभावाच्या जोडीला गरजही काम करिते. ज्याला वस्तूशी स्वतः झुंजावयाचे असते तो कारण विचारतो. आपल्या गोष्टीतल्या आईने “वाटले काय होते?” असे विचारले, त्यात तिचा स्वभाव आहे आणि सकाळी चटणी तिलाच वाटावयाची आहे, हेही आहे.

तिच्या प्रश्नात तथ्य किती आहे पाहा. पुष्कळ मिक्सरांच्या तळाशी एक लहानसे, बहुधा तांबडे, बटण असते. भांडे गच्च भरले, किंवा सुके जिन्नस फार वेळ वाटीत राहिले, की मोटरीवर ताण येतो आणि ती जळू नये म्हणून यंत्र आपण होऊन बंद पडते. थोडा वेळ थंड होऊ देऊन ते बटण दाबले की गाडी पूर्ववत चालू होते. नव्या मोटरीच्या वेटोळ्यांवर वार्निश असते. ते प्रथम तापते तेव्हा जळका वास येतो आणि चारदोन वेळांनंतर तो जातो. हे ज्याला ठाऊक नाही तो पहिल्याच आठवड्यात एक तारा देऊन मोकळा होतो. वास जाईनासा झाला किंवा धूर निघाला, तर तो खरा दोष. पण “वास आला, बंद पडला” एवढ्या चार शब्दांतून दोष यंत्राचा की हाताळणाऱ्याचा, हे ठरविता येत नाही. चवकशीची आवड असलेला वाचक येथे थांबतो. खुणांवर चालणारा वाचक तारे मोजतो आणि पुढे जातो.

दुसरे वजन लोकमताचे. १९५१ साली सॉलोमन अ‍ॅश ह्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. एका खोलीत काही तरुण बसविले. त्यांस एक रेघ दाखवून शेजारच्या तीन रेघांपैकी तिच्याएवढी कोणती, एवढेच सांगावयाचे होते. उत्तर लहान पोरालाही दिसावे इतके उघड होते. परंतु त्यांपैकी एकाखेरीज सर्वजण आधी पढवून ठेवलेले होते, आणि ठरलेल्या वेळी ते एकमुखाने चुकीचे उत्तर देत. त्या एकट्या बिचाऱ्याने अशा वेळी सुमारे तृतीयांश खेपांस स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडून चौघांच्या चुकीस मान डोलाविली. तथापि प्रयोगाचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. सुमारे चतुर्थांश माणसे एकदाही वाकली नाहीत. खोली तीच, दडपण तेच. पण कोणी जवळजवळ प्रत्येक वेळी वाकला, कोणी कधीच वाकला नाही. हा फरक माणसामाणसांतला होता.

बेअर्डन, नेटेमेयर व टील ह्या संशोधकांनी १९८९ मध्ये ग्राहकांच्या ह्या वाकण्याचे दोन प्रकार वेगळे करून दाखविले. एक प्रकार असा की, आपण घेतलेली वस्तू चारचौघांत शोभावी, आपल्याला कोणी हसू नये, म्हणून लोक घेतात ते घ्यावयाचे. दुसरा प्रकार असा की, लोकांना अनुभव आहे, आपल्याला नाही, म्हणून त्यांच्यापासून शिकावयाचे. दोघेही अभिप्राय वाचतात, पण पहिला त्यात प्रतिष्ठा शोधतो आणि दुसरा माहिती. नातीला कॉलेजात घालावयाचे बूट घ्यावयाचे असतील तर पहिल्या प्रकारात समजण्यासारखे काही आहे; बूट लोकांनीच पाहावयाचे असतात. पण मिक्सर स्वयंपाकघराच्या ओट्यावर राहतो. त्याला चार हजारांची संमती मिळाली म्हणून तो कोणाच्या नजरेत भरणार नाही आणि खोबरेही अधिक बारीक करणार नाही.

शिवाय ही चार हजारांची संमती चार हजार ठिकाणांहून स्वतंत्रपणे आलेली असते असेही नाही. मुचनिक, अरल व टेलर ह्यांनी २०१३ साली ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. बातम्यांच्या एका संकेतस्थळावर लोकांनी लिहिलेल्या मतांपैकी काही मते चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून त्यांना संशोधकांनी आरंभीच एक खोटी पसंती देऊन ठेवली. एवढ्याशा कारणाने पुढच्या वाचकाने पसंती देण्याचा संभव ३२ टक्क्यांनी वाढला आणि त्या मतांची अखेरची गुणसंख्या सरासरीने २५ टक्के वर गेली. पहिल्याने मान डोलाविली म्हणून दुसऱ्याने, दुसऱ्याने म्हणून तिसऱ्याने, असे हे चालते. त्याच प्रयोगात खोटी नापसंती दिली असता मात्र पुढच्या लोकांनी ती बहुतांशी भरून काढली.

तिसरे वजन भयाचे आहे. आपल्या गोष्टीतले वडील शेकडो स्तुतिपर अभिप्राय ओलांडून नेमके त्या एका निंदेपाशी अडले. ह्यात ते एकटे नाहीत. शेव्हालिए व मेझलिन ह्या दोघींनी २००६ मध्ये दोन अमेरिकन दुकानांतील त्याच त्या पुस्तकांची तुलना करून असे दाखविले की, पाच ताऱ्यांच्या अभिप्रायाने विक्री जितकी हलते त्याहून एका ताऱ्याच्या अभिप्रायाने ती अधिक हलते. वाईट बातमीचे वजन सर्वांनाच जास्त वाटते. पण ज्याचा पिंडच काळजीचा त्याची दृष्टी धोक्याच्या शब्दावर आधी पडते आणि तेथून लवकर निघत नाही. त्यातून पूर्वी एकदा फसगत झालेली असेल तर दुधाने तोंड पोळलेल्या माणसाची गत होते. असा माणूस खरेदीत क्वचितच फसतो, असे वाटेल. पण त्याची फसगत निराळ्या जातीची असते. चांगली वस्तू समोर असता तो ती घेत नाही, शेवटी वेळ संपतो, आणि घाईत हाती लागेल ती घेतो.

चौथे वजन संशयाचे. आणि ह्या बाबतीत लोकांची समजूत सर्वांत अधिक चुकीची आहे. सर्वांवर अविश्वास ठेवणारा माणूस हुशार, आणि विश्वास ठेवणारा भोळा, असे आपण धरून चालतो. आजोबांच्या हसण्यात तोच अभिमान होता. परंतु जूलियन रॉटर ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने विश्वासू व संशयी माणसांची अनेक वर्षे तुलना करून १९८० साली असा निष्कर्ष मांडला की, माणसांवर सामान्यतः विश्वास टाकणारे लोक इतरांहून अधिक सहज फसतात असे आढळत नाही. जपानात तोशिओ यामागिशी व त्यांचे सहकारी ह्यांना १९९९ मध्ये त्याहीपुढची गोष्ट दिसून आली. समोरचा माणूस अविश्वासू असल्याची खूण मिळाली की, विश्वासू वृत्तीचे लोक ती अधिक लवकर टिपतात. विचार केला तर ह्यात आश्चर्य नाही. जो माणसांशी व्यवहार करीत राहतो त्याला खरे-खोटे पारखण्याचा सराव होतो. जो दारच लावून बसतो त्याला दार ठोठावणारा चोर की पाहुणा, हे ओळखण्याची विद्या येतच नाही. आजोबा एकाही अभिप्रायावर विश्वास ठेवणार नाहीत. पण उद्या दुकानात गेल्यावर दुकानदार “घरचेच समजून सांगतो” असे म्हणाला, की त्याने पुढे केलेला मिक्सर ते मुकाट्याने पिशवीत घालतील. त्या दुकानदाराला कोणत्या मालावर किती सूट सुटते, हे ते विचारणार नाहीत.

ह्याचा अर्थ आजोबांच्या शंकेला आधार नाही, असे मात्र नव्हे. पैसे देऊन अभिप्राय लिहविले जातात, आणि आता तर ते यंत्राकडूनही लिहवून घेता येतात. म्हणूनच आपल्या सरकारने २०२० साली केलेल्या ई-वाणिज्याच्या नियमांत विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहिण्यास मनाई केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोचे ‘आयएस १९००० : २०२२’ हे मानक निघाले. अभिप्राय लिहिणाऱ्याची शहानिशा कशी करावी, अभिप्राय कसे छापावेत, विकत घेतलेले का छापू नयेत, ह्याचे नियम त्यात आहेत. मात्र प्रसिद्ध झाले तेव्हा ते मानक ऐच्छिक होते. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून खोटे अभिप्राय विकणे व विकत घेणे ह्यांवर बंदी घालणारा नियम अमलात आला. हे सर्व योग्यच झाले. परंतु कायदा पाहणार तो लिहिणाऱ्याकडे. उद्या प्रत्येक अभिप्राय खराखुरा झाला, तरी भित्रा वाचक एकाच ताऱ्यापाशी अडेल, गर्दीमागे जाणारा संख्याच पाहील, आणि संशयी माणूस सर्वांनाच लबाड म्हणेल.

आणि खऱ्या अभिप्रायांतही एक उणीव राहतेच. हू, पावलू व झँग ह्यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की, अशा ठिकाणी पाच तारे देणारे फार, एक तारा देणारे बरेच, आणि मधले फार थोडे असतात. कारण उघड आहे. जो हर्षून गेला तो लिहितो, जो चिडला तोही लिहितो. ज्याचा मिक्सर निमूटपणे दहा वर्षे दाणे कुटीत राहतो त्याला लिहिण्याची आठवणही होत नाही. वाचणाऱ्यासमोर येतात ते दोन टोकांचे आवाज, आणि त्यांपैकी कोणते टोक धरावयाचे हे पुन्हा वाचणाऱ्याचा स्वभावच ठरवितो.

ह्यात नुकसान एकट्या वाचणाऱ्याचे असते तर गोष्ट निराळी. मायकेल लुका ह्या अर्थशास्त्रज्ञाने २०११ साली सिअ‍ॅटल शहरातील उपाहारगृहांचा हिशेब मांडला. त्यात येल्प ह्या संकेतस्थळावर एक तारा वाढला की स्वतंत्र मालकीच्या उपाहारगृहाचे उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते असे दिसून आले. मोठ्या साखळी-दुकानांवर तसा परिणाम झाला नाही. ह्याचा अर्थ कोकणातल्या एखाद्या घरगुती निवासाच्या मालकिणीला विचारावा. मोठ्या हॉटेलाचे नाव लोकांना आधीच ठाऊक असते. तिचे घर मात्र परगावच्या माणसाला दिसते ते केवळ त्या ताऱ्यांतून. भरपावसात वीज गेली म्हणून एका पाहुण्याने रागाने एक तारा दिला, आणि पुढच्या दहा भित्र्या वाचकांनी तेवढाच वाचून दुसरीकडे खोली घेतली, तर तिचा अर्धा हंगाम गेला. वीज तिच्या हातात नव्हती. पण तो शेरा नीट वाचून “तक्रार विजेची आहे, जेवणाची किंवा स्वच्छतेची नाही” एवढे म्हणणे त्या दहाजणांच्या हातात होते.

तर मग करावे काय? ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ हा आपल्या वाडवडिलांचा उपदेश सर्वांना पाठ आहे. त्यातली अडचण अशी की, जनाचे ऐकत असतानाच मनाने आपली निवड करून टाकलेली असते. शंभरांपैकी कोणत्या एकाचे ऐकावयाचे हे मनाने आधीच ठरविले असेल, तर मागाहून ‘मनाचे’ करण्यात स्वातंत्र्य ते काय राहिले? म्हणून मनाचे करण्यापूर्वी मनाला ओळखणे प्राप्त आहे. आणि मने निराळी असल्यामुळे सर्वांना एकच औषध लागू पडणार नाही.

ज्याचा पिंड काळजीचा आहे त्याने दोन्ही टोके सोडून तीन ताऱ्यांच्या अभिप्रायांपासून आरंभ करावा. तेथे गुण व दोष शेजारी शेजारी सापडतात, आणि भयाला डोके वर काढण्यास जागा कमी मिळते. एक तारा नंतर वाचावा, आणि तक्रार वस्तूची आहे, पार्सलाची आहे, की वापरण्याच्या चुकीची आहे, एवढी वर्गवारी करावी. जो गर्दीमागे जातो त्याने तारे पाहण्याच्या आधीच आपल्याला काय हवे ते कागदावर लिहून काढावे: भांडी किती, ओले वाटण जास्त की सुके, दुरुस्तीचे ठिकाण गावात आहे की नाही. अ‍ॅशच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली होती. खोलीत खरे बोलणारा एकच सोबती मिळाला की वाकणाऱ्या माणसाचाही कणा ताठ होई. स्वतःच्या हाताने लिहिलेला तो कागद असा सोबती होऊ शकतो. संशयी माणसाने स्वतःला विचारावे की, “कोणता पुरावा मिळाला तर माझा विश्वास बसेल?” ह्याचे उत्तर देता आले तर त्याचा संशय उपयोगी आहे; देता आले नाही तर तो नुसती सवय आहे.

विचारी माणसालाही येथे सूट नाही. विचाराची आवड अंगाबाहेर गेली म्हणजे तीही व्याधी होते. हर्बर्ट सायमन ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ मध्येच दाखविले होते की, माणूस बहुधा सर्वोत्तमाच्या मागे न लागता पुरेसे चांगले मिळाले की थांबतो. बॅरी श्वार्त्झ व त्यांचे सहकारी ह्यांनी २००२ साली सर्वोत्तमच हवे असा हट्ट धरणाऱ्या माणसांचा अभ्यास केला. ती इतरांहून कमी सुखी आढळली. पुढे २००६ मध्ये नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांची पाहणी झाली. तीत अशा हट्टी उमेदवारांना सुमारे २० टक्के अधिक पगार मिळाला, आणि तरीही त्यांचे समाधान कमीच भरले. म्हणून आईसारख्या माणसाने किती अभिप्राय वाचावयाचे ती संख्या आधीच ठरवावी आणि ती पुरी झाली की मोबाइल बाजूला ठेवावा.

परंतु ह्या सर्वांहून एक सोपा उपाय आहे, आणि तो आपल्याकडे जुनाच आहे. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट करून एकत्र खरेदी करण्याची पद्धत चालविली. पैशाची बचत हा तिचा एक लाभ. दुसरा लाभ असा की, गटात निरनिराळ्या स्वभावाची माणसे असतात आणि एकाचे वाकडे वजन दुसऱ्याच्या वजनाने सरळ होते. तीच पंचायत प्रत्येक घरात भरू शकते. आपल्या गोष्टीतल्या घरात ती त्या रात्री अनायासे भरलेलीच होती. मात्र प्रत्येकजण आपलाच निकाल खरा म्हणून वाद घालीत होता. नातीने संख्या सांगितली, वडिलांनी धोका दाखविला, आजोबांनी लबाडीची शंका काढली, आईने कारण विचारले. ह्या चारही गोष्टी विचारावयास हव्याच होत्या. चुकले एवढेच की, प्रत्येकाला आपली एकच पुरेशी वाटली.

अखेर आईने कागद पुढे ओढला. आजोबांच्या शंकेसाठी, ज्यांत वस्तूविषयी एक शब्दही नाही असे सर्व अभिप्राय त्यांनी वगळले. वडिलांच्या भयासाठी, हमी किती वर्षांची आणि दुरुस्तीचे ठिकाण पुण्यात कोठे, हे पाहिले. नातीच्या चार हजारांतून, रोज ओले खोबरे व डाळ वाटणाऱ्या माणसांचे पंधरा अभिप्राय निवडले. अर्ध्या तासात निर्णय झाला, आणि तो ज्याच्यापासून आरंभ झाला त्याच मिक्सरचा झाला. तो दिवाळीच्या चार दिवस आधी आला. पहिल्या दिवशी त्याला किंचित वास आला आणि वडिलांनी आईकडे पाहिले. आईने भांडे अर्धे रिकामे केले.

दिवाळी होऊन गेल्यावर मोबाइलवर विचारणा आली की, आपण किती तारे द्याल? नात पाच तारे देऊन मोकळी होणार होती. आजोबांनी तिचा हात थांबविला. “तारे राहू दे,” ते म्हणाले, “आधी आपल्या घरात माणसे किती, रोज काय वाटतो, आणि पहिल्या दिवशी काय झाले, ते लिही. वाचणाऱ्याला आपण कोण हे कळू दे.”